चमचाभर कारण पुरे

युद्धाचं समर्थन करायचंय? घाबरू नका, युद्ध करण्यापेक्षा ते फार सोपं आहे. आधी चहा टाका. रिकाम्या पोटी समर्थन केलं की पित्त होतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, ‘आता आरपार!’ आमच्या बी विंगमधले काका हे रोज सकाळी सहा-दहाला, दात घासायच्या आधी लिहितात. भांडण कुणाचं आणि कशावरून, हे पेपर आल्यावर बघता येतं.

कारण लागेलच, पण ते मोठंच हवं असं काही नाही. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी, इराकवर हल्ला का करायचा ते पटवताना, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एक इवलीशी कुपी दोन बोटांत धरून दाखवली. चमचाभराहून कमी अँथ्रॅक्स (जीवघेण्या रोगाचे जंतू) काय हाहाकार माजवू शकतं, ते सांगायला. कुपी अर्थात दाखवण्यापुरती होती. इराकमधले साठे मात्र नंतर दाखवण्यापुरतेही सापडले नाहीत. शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स तपासाला आणखी काही महिने मागत होते. असल्या माणसांना वेळ देऊ नये. वेळ दिला की तपास होतो, तपास झाला की हातचं कारण जातं. आणि काहीच सापडलं नाही तर म्हणावं, आम्ही लोकशाही द्यायला आलो होतो. आहेराचं पाकीट रिकामं निघाल्यावर ‘आशीर्वाद महत्त्वाचे’ म्हणतात, तसं.

जरा भारदस्त बोलायचं असेल तर ‘धर्मयुद्ध’ म्हणा. कुरुक्षेत्रावर नियम ठरले होते. सूर्यास्तानंतर लढायचं नाही, निःशस्त्रावर वार करायचा नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना तोंडपाठ होते. पुढे अभिमन्यूला घेरून मारलं, द्रोणांसाठी ‘नरो वा कुंजरो वा’ झालं, दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली आणि शेवटच्या रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्या छावणीत शिरून कत्तल केली. तुम्ही आपलं पहिल्या दिवसाच्या सकाळचं उदाहरण द्या. त्या अर्धसत्यामुळे धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला म्हणतात. तुमचा सोफा आधीच जमिनीवर आहे, काळजी नसावी.

एखादा शांततावादी आडवा आलाच (आम्ही असतो अधूनमधून, तसा उपद्रव नसतो), तर त्याला एवढंच विचारा, ‘मग हिटलरचं काय?’ तो गप्प बसेल. मीही बसतो. दारात रणगाडा उभा असताना काय करायचं, याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण हिटलर आला कुठून, असं तो विचारायच्या आत तिथून निघा. कारण मग 1914चं युद्ध निघतं. ‘सगळी युद्धं संपवणारं युद्ध’ अशी त्याची जाहिरात होती. त्यात हिटलर साधा सैनिक होता आणि पुढे त्याच पराभवाच्या चिडीवर त्याने पक्ष पोसला. नाव मात्र सढळ हाताने वापरा. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांना 1990 मध्ये इराकच्या सद्दाममध्ये हिटलरच दिसला होता.

युद्ध थांबवायचं झालं तर मुहूर्त पाहून थांबवा. 11 नोव्हेंबर 1918 ला पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदी ठरली, पण ती लागू होणार होती अकराला. अकरावा महिना, अकरा तारीख, अकरा वाजता. केवढी टापटीप! मधले सहा तास तोफा चालूच होत्या. हेन्री गुंथर नावाचा अमेरिकन सैनिक जर्मन मशीनगनच्या दिशेने धावत सुटला. समोरचे जर्मन ओरडून, हातवारे करून त्याला मागे फीर म्हणत होते. तो फिरला नाही, तेव्हा त्यांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा वाजले होते 10 वाजून 59 मिनिटं. याचं समर्थन कसं करायचं ते मला जमत नाही. काकांना विचारून सांगतो.

नंतर पश्चात्ताप झालाच तर सम्राट अशोकाकडून शिकावं. कलिंगात लाखभर मारले गेले, दीड लाख लोकांना धरून नेलं, याचं दुःख त्याने तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलं. पार वायव्येला शाहबाजगढीच्या खडकावर ते वाचायला मिळतं. खुद्द कलिंगात मात्र, धौली आणि जौगडला, अकरा ते तेरा हे तीन लेख गाळलेत, त्यात नेमका हाही. ज्यांची माफी मागायची त्यांच्या कानावर ती जाऊ नये, याला म्हणतात राजकारण.

हो, काकांचं राहिलं. परवा त्यांच्या नातवाच्या शाळेची सहल प्रतापगडाला ठरली. काका तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत. जायलाच हवं का? एवढ्या धुक्यात आंबेनळी घाट? ड्रायव्हर कोण? ज्यांनी हे ठरवलं ते स्वतः बसमध्ये बसणार आहेत का? पन्नास पोरं नेताय, पन्नासच्या पन्नास परत आणणार ना? किती वाजता?

“तोंडी नको,” काका म्हणाले, “लेखी द्या.”