दंड भरू नका, रेघ मोजा

इंग्लंडात स्थायिक झालेल्या सुजाण मराठी माणसाला गाडीच्या काचेवर काउन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, दंडाच्या नोटिशीचे पिवळे प्लास्टिकचे पाकीट चिकटलेले दिसले, तर त्याने एक पथ्य कसोशीने पाळावे: आपण गाडी चुकीच्या जागी लावली होती का, हा विचार मनाला शिवू देऊ नये. तो प्रश्न क्षुद्र आहे, शिवाय त्याचे उत्तर बहुधा गैरसोयीचे असते. दंड करणाऱ्याने कागद नीट लिहिला आहे का आणि गाडी लावायला मनाई सांगणारी रस्त्यावरची पिवळी रेघ नियमाप्रमाणे संपते का, एवढेच आपण पाहायचे.

लंडनबाहेरच्या अनेक काउन्सिली पिवळ्या रेघेवर गाडी लावल्याबद्दल ७० पौंड मागतात आणि १४ दिवसांत भरल्यास ३५ पौंडांवर समाधान मानतात. ही सवलत निव्वळ आमिष आहे. ३५ पौंड भरणारा माणूस त्या रात्री जेवून स्वस्थ झोपतो; आपल्याला मात्र २००४ चा वाहतूक व्यवस्थापन कायदा वाचायचा आहे.

प्रारंभ नोटिशीपासून करावा. २००६ साली उच्च न्यायालयाने लंडनच्या बार्नेट काउन्सिलला सुनावले होते की नोटिशीवर ती दिल्याची तारीखच नसेल तर नोटीस टिकत नाही, आणि त्यामुळे वाहनचालकाचे काही बिघडले नाही हा बचावही चालत नाही. त्या निकालानंतर काउन्सिली तारखा नीट घालू लागल्या, हे आपले दुर्दैव. तरीही गाडीचा रंग, रस्त्याचे नाव आणि वेळ भिंगाखाली तपासावी. निळ्या गाडीला काळी म्हटलेले आढळले तर लगेच घरी पेढे वाटू नयेत, कारण गाडीचा क्रमांक आणि फोटो वॉर्डनकडे, म्हणजे नोटीस लावणाऱ्या काउन्सिलच्या माणसाकडे, असतातच.

मग मोजपट्टी घेऊन जागेवर जावे. एकेरी पिवळी रेघ संपते तिथे छोटी आडवी पट्टी असावी, अशी जुनी रीत. ती झिजलेली असेल, किंवा पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या डांबराच्या ठिगळाखाली गडप झाली असेल, तर शेजारी एक पौंडाचे नाणे ठेवून फोटो काढावा. समोरच्या घरातून कोणी पडदा सरकवून पाहू लागले, तर ओणव्यानेच त्यांना हात करावा. पुढे काउन्सिलकडून त्या रस्त्याचा मूळ आदेश मागवावा, ज्यात कोणत्या चौकाच्या कडेपासून किती मीटरपर्यंत गाडी उभी करू नये हे लिहिलेले असते, आणि तो वाचता वाचता घरच्यांनी दोनदा जेवायला बोलावले तरी मान वर करू नये.

प्रतिपक्षही कच्च्या गुरूचा चेला नाही. ठरावीक वेळच थांबता येते अशा जागी गाडी मधल्या काळात हलली की नाही हे कळावे म्हणून वॉर्डन चाकांच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे टिपून ठेवतात. पुढच्या चाकाचा दोनवर, मागच्याचा सातवर. मध्यंतरी चक्कर मारून आल्याचा दावा आपण करणार असू आणि दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा तंतोतंत तिथेच आलेले असतील, तर हा दुर्मिळ योग पंचांगातून सिद्ध करावा लागेल.

२०११ चा एक निकाल मात्र अर्जात चुकूनही लिहू नये. संडरलंडमधील प्रकरणात अपील न्यायालयाने सांगितले की रेघा आणि पाट्या नियमांशी पुरेशा जुळत असतील आणि चालकाला मनाई कळत असेल, तर बारीकसारीक त्रुटींमुळे दंड रद्द होत नाही. म्हणजे काउन्सिलची रेघ साधारण बरोबर असली तरी भागते; आपली गाडी साधारण बरोबर लावलेली भागत नाही. पैसे भरलेली वेळ संपल्यावर इंग्लंडात २०१५ पासून दहा मिनिटांची सूट आहे खरी, पण त्यापुढे 'साधारण दहाच' म्हणण्याची सोय नाही. या साऱ्या लढ्यातली हीच एक तक्रार मला मनापासून रास्त वाटते, आणि नेमकी तीच ऐकून घेणारा कोणी नाही.

आपले हरकतीचे पहिले पत्र नम्रपणे फेटाळले जाईल, आणि बहुधा ३५ पौंडांचे आमिष पुन्हा दाखवले जाईल, बधू नये. यथावकाश गाडीच्या मालकाच्या नावाने नोटीस येते आणि तिला रीतसर उत्तर देण्यास २८ दिवस मिळतात. (ते दिवस झोपून काढले तर रक्कम दीडपट होते आणि प्रकरण नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयामार्फत वसुलीवाल्यांच्या हाती जाऊ शकते, तेथे रेघेची लांबी कोणी विचारत नाही.) आपल्या रीतसर उत्तरावर काउन्सिलने ५६ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर आपले म्हणणे मान्य झाले असे कायदा धरतो. तेव्हा त्या काळात कॅलेंडरवर रोज फुली मारावी, टपालवाला फाटकाशी दिसला की देवाचे नाव घ्यावे, आणि ५५ व्या दिवशी पत्र आलेच तर त्यावरील शिक्क्याची शाई ताजी आहे का ते बोट फिरवून पाहावे.

काउन्सिलने तेही फेटाळले, तर त्यानंतर स्वतंत्र न्यायाधिकरण. तेथे फी लागत नाही; ती आपण इतक्या संध्याकाळी घालवून आधीच चुकती केलेली असते. जिंकल्यास ७० पौंड वाचतात, वाया गेलेल्या वेळेची भरपाई सहसा मिळत नाही, आणि काउन्सिलचा रंगारी येऊन ती झिजलेली रेघ आडव्या पट्टीसकट कोरी करकरीत करून जातो.