तलाव कहाँ है?

रविवारी सकाळी आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. पोहे होतात आणि अपमान होतो. पोहे गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतात.

दसऱ्यापासून आम्ही घर विकतो आहोत. हा चालू वर्तमानकाळ आहे. पूर्ण वर्तमानकाळाचं अजून चिन्ह नाही. घर इंदूरबाहेर हातोदच्या बाजूला, यशवंत सागर तलावाच्या अलीकडे, एका लहान गावाच्या कडेला आहे. ३४ वर्षं इंदूरच्या पोरांना उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवलं. २०१९ साली निवृत्तीचा पैसा हातात आला, तेव्हा ज्यावर जन्मभर प्रश्न काढले त्याचं उत्तर एकदा विटांत बांधून बघावं अशी बुद्धी झाली. "फिजिक्सच्या मास्तरानं घर बांधणं म्हणजे वैद्यानं स्वयंपाक करणं," ही तेव्हाच म्हणाली होती. "पथ्याचं होईल, पण पाहुणा जेवणार नाही."

आता हिचे गुडघे दुखतात, डॉक्टर शहरात, बहीण लोकमान्य नगरात, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावात मराठी बाई म्हणून ही एकटीच. स्वतःच स्वतःला वाण किती वर्षं देणार? तेव्हा शहरात परत जायचं ठरलं. माझं मत विचारलं गेलं होतं, बहुतेक मी झोपलो असताना.

घर विकण्यातली मुख्य अडचण पश्चिमेला आहे. इंदूरहून येताना आमचं घर आधी लागतं आणि तलाव नंतर. दुसरा कोणी असता तर त्यानं त्या बाजूला फरशीपासून छतापर्यंत काच लावून आरामखुर्ची टाकली असती. मी तिथे भिंत बांधली. माळव्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर सूर्य पश्चिमेला उतरतो तो सरळ समोरून घरात शिरतो. छज्जा त्याला अडवत नाही, कारण छज्जा वर असतो आणि हा पाहुण्यासारखा दारातूनच येतो. त्यात पाण्यावरून उलटणारी तिरीप वेगळी. काचेतून आलेलं ऊन फरशी तापवतं, आणि तापलेल्या फरशीची धग काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून त्या भिंतीत मी खाली हातभर रुंदीचे दोन झरोके ठेवले आणि पूर्वेला छताजवळ झडपा. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा. तो झरोक्यातून खाली शिरतो, तापलेली हवा वरच्या झडपांतून निघून जाते. इतकं देखणं अभिसरण मी पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतही पाहिलेलं नाही.

गिऱ्हाईक दिवाणखान्यात उभं राहतं, चारी भिंतींवरून नजर फिरवतं आणि विचारतं, "तलाव कहाँ है?"

"गच्चीवरून दिसतो."

"मतलब तलाव देखने छत पे चढ़ना पड़ेगा?"

आणि मे महिन्यात चढूनही फारसा उपयोग नसतो. पाणी मागे सरत जातं. घर जागचं हलत नाही, पण तलावाकाठचं राहत नाही.

ही गिऱ्हाइकं आणणारा ब्रोकर माझाच जुना विद्यार्थी. अकरावीत प्रारणाचा धडा चालू असताना तो छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत असायचा, असा माझा तेव्हाचा संशय आता त्यानं स्वतःच खरा असल्याचं सांगितलंय. तो अजूनही मला "सर" म्हणतो आणि दोन टक्के घेणार आहे. त्याच्या धंद्यात अंतर मिनिटांत मोजतात. "एअरपोर्ट से पंद्रह मिनिट, सर." मी विचारतो, "कोणत्या वेगानं?" तो नुसता हसतो. तेव्हाही असाच हसायचा.

बाजाराचं हवामान मला त्याच्याकडूनच कळतं. कोरोनात घरात कोंडलेला इंदुरी माणूस सुटला तो सरळ मोकळ्या हवेकडे धावला. आमच्या रस्त्यावर गव्हाच्या शेतांतून फार्महाउसचे बोर्ड उगवले, आणि एकेका बोर्डावर इतकी हिरवळ रंगवलेली की मागचा गहू फिका पडावा. मग ती लाट ओसरली. आता सगळ्यांची तोंडं उज्जैन रोडकडे, कारण २०२८ ला तिथे सिंहस्थ. "सिंहस्थ के बाद देखना सर," असं तो म्हणतो. सिंहस्थ आटोपल्यावर साधू माझ्याकडे घर घ्यायला येतील असं त्याला वाटतं की काय, कळत नाही.

शिवाय इंदुरात डायरी असते. बाहेरगावच्या माणसाला हे पटणार नाही. इथे कॉलनीचा नकाशा मंजूर होण्याआधी, रेराचा, म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर पडण्याआधी, कुणाच्या तरी डायरीत प्लॉट लिहिला जातो आणि ती नोंदच या हातातून त्या हातात भाव वाढवत फिरते. २०१६ च्या रेरा कायद्यानं नोंदणीआधी विक्री करायची नाही असं सांगितलंय. पण ते विक्री करू नका असं सांगतात, डायरी लिहू नका असं कुठे म्हणतात? माझं घर उभं आहे, रजिस्ट्री झालेली आहे, सरकारी दप्तरी नामांतरण झालेलं आहे, आणि हेच मला त्याचं सगळ्यात मोठं वैगुण्य वाटू लागलंय. जे अजून झालेलंच नाही त्यात दोष कोण काढणार?

यशवंत सागर २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही वेटलँड सिटीचा मान मिळाला. ती बातमी वाचून मी सारसांसाठी खूश झालो, ब्रोकर रेटसाठी. पुढच्या रविवारी त्यानं एक गृहस्थ आणले, त्यांना "पाण्याला टच" जागा हवी होती. मी त्यांना पाणथळींचे २०१७ चे नियम ऐकवले. पूररेषेपासून, तीही दहा वर्षांतली सरासरी काढून, ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अंकल, आप बेच रहे हो या रोक रहे हो?"

तो प्रश्न ही अजून अधूनमधून विचारते.

खरी गंमत भिंतींची. भिंतीत विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचल्या की मधे पोकळी राहते. ती पोकळी उष्णता अडवते आणि विटाही साधारण चौथ्या हिश्शानं कमी लागतात. केरळात लॉरी बेकर या वास्तुविशारदानं असली शेकडो घरं बांधली. आमच्या मिस्त्रीला मात्र बेकर म्हणजे पाववाला वाटला. "साब, बीच में खाली? पैसे बचाने हैं तो सीधे बोलो ना." या जोडणीला रॅट ट्रॅप बॉन्ड म्हणतात, हे मी एका गिऱ्हाइकासमोर अभिमानानं बोलून गेलो. त्यांच्या सौभाग्यवतींनी लगेच पाय वर घेतले. "चूहे हैं क्या?"

त्यानंतर मी नाव सांगायचं सोडून दिलं. भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकवायला लागलो. तर लोकांना वाटलं, मिस्त्रीनं मला फसवलंय आणि मला अजून ते कळलेलं नाही.

छताची हकीकत याहून वाईट. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, म्हणजे जूनच्या मध्यान्ही सूर्य आमच्या बरोब्बर डोक्यावर. भिंतींपेक्षा जास्त मार छतच खातं. म्हणून स्लॅबवर मी मातीचे मटके उलटे मांडले, मधल्या फटी भरून घेतल्या आणि वरून पांढऱ्या फुटक्या टाइलचा चायना मोझेक केला. मटक्यात कोंडलेली हवा उष्णता खाली उतरू देत नाही. ट्रॅक्टरभर मटके उतरताना बघून अख्खं गाव जमलं होतं. पाटीदार काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, लस्सीचं दुकान काढताय का? आणि गेल्या महिन्यात एक बाई, घर जवळपास पसंत पडलेल्या, छतात उलटे मटके आहेत म्हटल्याबरोबर उभ्या राहिल्या. "भैयाजी, किसी ने टोटका किया है क्या?" जाताना त्यांनी दाराकडे पाठ केली नाही, तोंड घराकडे ठेवूनच फाटकापर्यंत गेल्या.

यावर उपाय म्हणून मी सरकारी आधार शोधला. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिनं दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातलेली आहे. मी हिशेब केला, आम्ही मर्यादेच्या चांगले आत. तो कागद टाइप करून दिवाणखान्यात लावला. एक सज्जन बराच वेळ वाचत राहिले. मला भरून आलं. मग त्यांनी विचारलं, "संहिता म्हणजे वास्तूचीच ना? मग ईशान्येला संडास कसा?"

शेवटचं अस्त्र म्हणजे विजेचं बिल. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला की पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. आमचा फ्रिज, पंप, पंखे, दिवे सगळं धरून हिवाळ्यात शंभरच्या आतच आटोपतं. तीन महिन्यांची बिलं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पोह्यांबरोबर पुढे करू लागलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "म्हणजे इथे कोणी राहत नाही." दुसरं म्हणालं, "मीटर मागे केलंय?" तिसऱ्यानं काही विचारलं नाही, पण उठताना मीटरसमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढला. एवढ्या मोठ्या घराला शंभर रुपये बिल येणं हे प्रामाणिक माणसाचं लक्षण नव्हे, असं इंदुरात सर्वमान्य आहे. मी फोल्डर कपाटात ठेवून दिलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवडते. पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, हे नवे तिशीत भागवतात. पण तेवढ्यासाठी नाही, ते रिमोटवर चालतात म्हणून. मुलं रिमोट घेऊन सगळ्या खोल्या पालथ्या घालतात. गेल्या रविवारपासून एक रिमोट सापडत नाहीये.

मग एका गिऱ्हाइकाच्या कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर आला. अत्यंत सभ्य मुलगा. त्यानं टेप लावून खोल्या मोजल्या, फरशी कोणती ते लिहिलं, मॉड्युलर किचन नाही हे लिहिलं, फॉल्स सीलिंग नाही हे लिहिलं. मी त्याला झरोक्यापुढे बसवून वारा खिलवला, मटके समजावले. त्यानं फॉर्म उलटासुलटा करून बघितला. "सर, इसका कॉलम नहीं है." माझी सगळी विद्या भिंतीच्या आत आणि छताच्या पोटात. वरून दिसतं ते एक पांढरं, बुटकं, काच नसलेलं घर. उलट समोरच्या कॉलनीतल्या काचेच्या बंगल्यात तीन एसी घोंगावतात आणि त्याला ग्रीन होम म्हणतात, कारण गच्चीवर सोलर आहे.

"मग लावून टाका ना चार निळ्या पाट्या," ही म्हणाली. "पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी आहे, वहिनींनी लावलंय."

"अगं, पण ३ किलोवॉट महिन्याला तीनशेच्या वर युनिट देईल. आपल्याला लागतात शंभर."

"आपल्याला कुठे राहायचंय?"

याला उत्तर नव्हतं. पण निवृत्त मास्तरालाही थोडी अब्रू असते. मी पाट्या लावल्या नाहीत.

आणि मग मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एक कुटुंब आलं. सकाळी यायचे ते रस्ता चुकत दुपारी दोनला पोचले. नवरा, बायको, आजी आणि एक घामेजलेलं पोर. पोहे आटपून गेलेले, म्हणून हिनं पन्हं दिलं. आजींनी झरोक्यासमोर फरशीवर पदर पसरला आणि "जरा कमर सीधी कर लूँ" म्हणत आडव्या झाल्या. पोर त्यांच्या कुशीत गेलं. सूनबाई भिंतीला टेकल्या. नवरा मला रजिस्ट्रीचं काही विचारत होता, वाक्याच्या मध्येच त्याची मान सोफ्यावर कलली. ब्रोकर ओट्यावर घोरत होता, पण तो माझ्या तासालाही घोरायचा, त्याचं काही नाही.

मी खुर्चीत बसून चार झोपलेली गिऱ्हाइकं बघत होतो. असला आनंद मला बोर्डाच्या निकालानंही कधी दिला नव्हता. ही दारात येऊन हळूच म्हणाली, "अहो, बाराला गेलेली लाइट अजून आलेली नाही." पंखे इन्व्हर्टरवर होते, कोणाला पत्ताही नव्हता.

सव्वापाचला नवरा जागा झाला. घड्याळ बघून ओशाळला, डोळे चोळत खोलीभर हिंडला. "अंकल, इस घर में कुछ बात है. कितने साल बाद दोपहर को सोया हूँ."

मी मटक्यांपासून सुरुवात करणार होतो, पण तो थांबला नाही. बायकोशी दोन शब्द कुजबुजला आणि भावाचं बोलू लागला. भाव बरा होता. ही आत गेल्याचं मला डब्याच्या आवाजावरून कळलं. बोलता बोलता तो पश्चिमेच्या भिंतीशी गेला, तिला टिचकी मारली, वितीनं लांबी मोजली, आणि मागे सरकून, डोळे बारीक करून, चित्र बघावं तसं बघत राहिला.

"बस, ये दीवार तोड़ के पूरा काँच लगवा लेंगे. तलाव दिखेगा. और इस कोने में दो टन का एसी."

"हे बघा," मी उठलो. "काचेतून येणारं जे प्रारण असतं..."

तोवर ही पेढे घेऊन बाहेर आली होती, आणि पहिला माझ्याच तोंडात घातला.