‘फक्त रिपोर्ट बनवा, अनुदान खात्यात’ : या फॉरवर्डमधलं खरं किती?

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला सात ग्रुपांवरून आला. गावाच्या ग्रुपवरून आला, शाळासोबत्यांच्या आला, भजनी मंडळाच्या ग्रुपनेही सोडला नाही. मजकूर थोडक्यात असा : जमीन सुधारणा, पडीक जमीन हिरवी करणं आणि सेंद्रिय शेती यांसाठी जागतिक बँक, मोठ्या कंपन्या आणि परदेशी संस्थांनी विदर्भाला हजारो कोटी दिलेत. पैसा पडून आहे, परत चाललाय. अनुदान शंभर टक्के. शेतकऱ्याने प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून घ्यावा, काम लगेच सुरू करावं, पैसे खात्यात येतील. खाली रिपोर्ट बनवणाऱ्याचा नंबर आणि फी, पाच हजार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाचे कागद मी सांभाळतो, त्यामुळे असं काही आलं की लोक माझ्याकडेच येतात. शेजारचे काका मोबाइल घेऊन ओट्यावर येऊन बसले. “बाबू, हे खरं हाय का रे? देऊन टाकू का पाच हजार?” त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

‘जागतिक बँकेने शेतकऱ्याला पैसे दिलेत.’ दिलेत, पण सरकारला, आणि तेही कर्ज म्हणून. हे ज्याच्याबद्दल बोलतात तो पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पहिला टप्पा साधारण ४ हजार कोटींचा होता. त्यातला ७० टक्के वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा, ३० टक्के राज्याचा. गावं ५,१४२. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं घेतलीत, विदर्भाचे अकराही जिल्हे त्यात आले. पण जिल्हा आला म्हणजे गाव आलं असं नाही. तुमचं गाव यादीत नसेल तर रिपोर्ट सोन्याच्या पानावर छापला तरी उपयोग शून्य. यादी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (आपण अजून कृषी सहाय्यकच म्हणतो) फुकट पाहायला मिळते.

‘शंभर टक्के अनुदान.’ इथे जरा थांबू, कारण लोक याच ओळीला भुलतात.

ठिबकचं घ्या. केंद्राच्या योजनेत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला ५५ टक्के, त्यावरच्याला ४५ टक्के. राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून आपली भर घालतं आणि ते ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. आता हे टक्के कशाचे? तुमच्या बिलाचे नव्हेत. सरकारने ठरवलेल्या मापदंडाचे, म्हणजे त्या कामाला सरकारने धरलेल्या खर्चाचे. समजा मापदंड एक लाखाचा निघाला आणि बिल सव्वा लाखाचं झालं, तर मिळणार ८० हजार. म्हणजे बिलाच्या ६४ टक्के. उरलेले ४५ हजार कोणाचे, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

खरोखर शंभर टक्के म्हणवणारी योजनाही आहे. आपल्याच खामगावच्या भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाची फळबाग लागवड योजना. पैसे तीन वर्षांत मिळतात, ५०, ३० आणि २० टक्के असे. पहिल्या वर्षी किमान ८० टक्के झाडं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. शिवाय ‘शंभर टक्के’ हे ठरावीक बाबींचे. जमीन तयार करणं, आंतरमशागत, काटेरी कुंपण हे सगळं घरचं. ज्याने उन्हाळ्यात रोही (नीलगायी) हाकलत संत्र्याची कलमं जगवली आहेत त्याला विचारा, कुंपण ही किरकोळ बाब आहे का.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेचंही तसंच. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, आणि तेही अडीच एकरांपर्यंत. हलक्या, मुरमाड वावराला तलावाचा गाळ म्हणजे अमृत, म्हणून योजना चांगलीच आहे. पण ट्रॅक्टरवाला संध्याकाळी पैसे मागतो, अनुदान संध्याकाळी येत नाही.

‘काम लगेच सुरू करा, पैसे मागून येतील.’ सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातकी वाक्य, आणि याची किंमत मी स्वतः मोजली आहे. २०१९ मध्ये तुषार संच घ्यायचा होता. अर्ज भरला होता. विक्रेता म्हणाला, “माल आज घेऊन जा, मंजुरी येतेच, भाव वाढणार आहे.” मी संच आणला, हरभऱ्यावर चालवलाही. तीन आठवड्यांनी पूर्वसंमती आली. बिलावरची तारीख तिच्या आधीची होती. फाइल तिथेच संपली. अधिकाऱ्याने नियम वाचून दाखवला, तो बरोबर होता. चूक माझी, पण शहाणपण शिकवायला विक्रेता नंतर दिसला नाही.

क्रम पक्का लक्षात ठेवावा : अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (अधिकारी शेतावर येऊन बघतो ती) आणि शेवटी खात्यात पैसे. म्हणजे आधी खिशातून घालायचे. खिशात नसतील तर सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर. अनुदान रखडलं की व्याज चालूच राहतं, आणि थकलेल्या अनुदानाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. माझ्या मते आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याला योजना मिळत नाहीत त्याचं मोठं कारण हे आहे. त्याच्याकडे रिपोर्ट नसतो म्हणून तो मागे राहत नाही, मधले चार-सहा महिने काढायला पैसा नसतो म्हणून राहतो. आमच्या गटाने बचतीतून एकमेकांना हे मधले पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ठिबकच्या फाइली शेवटपर्यंत जायला लागल्या.

‘कंपन्या आणि परदेशी संस्था थेट देतात.’ कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्चावे लागतात, हे खरं. त्याच्या सातव्या अनुसूचीत माती आणि पाण्याचा दर्जा राखणं, कृषी वनीकरण हेही आहे. पण तो पैसा तुमच्या पासबुकावर उमटत नाही. कंपनी एकतर स्वतः काम करते, नाहीतर नोंदणीकृत संस्थेमार्फत, आणि अशा संस्थेला एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आहे. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख खर्च केलेली हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला वळवणंही बंद झालं. जिल्ह्यात आधीच काम करणाऱ्या संस्थेला ‘आमचं गाव तुमच्या कामात घ्या’ असं म्हणणं, हाच शेतकऱ्यासाठी त्यातला खरा मार्ग.

‘गावची पडीक जमीन दाखवा, प्रकल्प मिळवा.’ पूर्व विदर्भातल्या मंडळींनी इथे फार जपून. कागदावर पडीक दिसणारा मोठा पट्टा तिथे झुडपी जंगल म्हणून नोंदलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ते वनच असल्याचं स्पष्ट केलं. तिथे ठराव करून जेसीबी लावला तर अनुदान बाजूला, गुन्हा दाखल होईल.

पडीक जमीन हिरवी होत नाही असं मी म्हणत नाही. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क २०१२ मध्ये मिळाला. ग्रामसभेने बोडकी टेकडी राखली, रोहयोतून खड्डे-चर खोदून झाडं लावली, मग सीताफळ विकायलाही लागले. त्यांच्या हाती आधी हक्काचा कागद होता, त्यामागे राबणारी ग्रामसभा होती, मजुरीचा पैसा नंतर आला. नाबार्डच्या पाणलोट कार्यक्रमांतही गावाला अकुशल कामाच्या १६ टक्के श्रमदान द्यावं लागतं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागते. ज्या गावात बकऱ्या कोणी अडवायच्या यावरून सभा मोडते, तिथे कितीही कोटी आले तरी रोपटं दिवाळी बघत नाही.

‘प्रोजेक्ट रिपोर्ट लागतोच.’ ठिबक, शेततळं, फळबाग यांना लागत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे योजनांच्या अर्जाच्या सरकारी पोर्टलवर, अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे आहे. लागतात ते शेतकरी ओळख क्रमांक (एप्रिल २०२५ पासून सक्तीचा), आधार जोडलेलं बँक खातं आणि नावावरचा सातबारा. रिपोर्ट लागतो तो शेतकरी कंपनीला, गोदाम किंवा डाळ मिल घालायची असेल तेव्हा. तोही सभासदांनी बसून आकडे काढल्याशिवाय लिहून घेऊ नये. पाच हजारांचा रिपोर्ट मी उघडून पाहिला आहे. आमच्या कोरडवाहू कापसाच्या गावासाठी त्यात उसाचं उत्पन्न धरलं होतं.

काकांनी सगळं ऐकलं आणि पिशवीतून सातबारा काढून पुढे केला. त्यावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, खाली तीन भाऊ आणि दोन बहिणी, फेरफार कोणी केलाच नाही. ओळख क्रमांकाची गाडी तिथेच अडलेली. आता सोमवारी मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज टाकायचा ठरलं आहे. धाकटी बहीण नागपूरला असते, तिला फोन मी करायचा.