मानपत्रात सोयाबीन नाही

गेल्या आठवड्यात इंदूरच्या एका मराठी मंडळाकडून फोन आला. आईचा 'आदर्श माता' म्हणून सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. मला खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मानपत्राचा मसुदा आला, "ताई, एकदा नजरेखालून घाला." भाषा छान होती. त्यागमूर्ती, सोशिक, कष्टाळू, पतीच्या खांद्याला खांदा लावून संसाराचा गाडा ओढणारी, लेकरांवर संस्कार करणारी. मंडळींनी मनापासून लिहिलंय, त्यांच्याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही.

रविवारी गावी गेले तेव्हा आईला वाचून दाखवलं. ती ओसरीवर लसणाच्या गड्ड्या निवडत बसली होती. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात सोयाबीनचं काहीच नाही का गं?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लांबलचक लिहितेय.

महाराष्ट्रातल्या मित्रमैत्रिणींना इंदूरची मराठी माणसं म्हटली की राजवाडा, पोहे आणि गणेशोत्सव आठवतो. पण होळकरांच्या काळात माळव्यात आलेल्यांपैकी बरेच जण खेड्यांत राहिले आणि काळ्या मातीत रुजले. आमचं घर त्यातलंच. देपालपूर तहसील, २२ बिघे जमीन, एक विहीर, नंतर एक ट्यूबवेल. आईचं माहेर शिरपूरकडचं. १९७६ साली लग्न होऊन आग्रा रोडनं सेंधव्याचा घाट चढून ती इकडे आली, तेव्हा वीस वर्षांची होती. माहेरी कापूस-ज्वारी बघितलेली. इकडे पावसाळ्यात बरीचशी काळी जमीन रिकामीच ठेवलेली बघून तिला नवल वाटलं होतं. ओल धरून ठेवायची आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा, अशी पद्धत होती. मग सोयाबीन आलं आणि पावसाळ्यातली ती पडीक जमीन बघता बघता हिरवी झाली. आज ज्याला सगळे माळव्याचं पीक म्हणतात ते माझ्या आईच्या डोळ्यांदेखत आलं, आणि आमच्या शेतात तिच्या हातानं वाढलं.

सोयाबीनचं बी फार नाजूक असतं. वरची साल पातळ, आणि उगवणारा कोंब त्या सालीच्या अगदी लगत. पोतं उंचावरून आपटलं तर बाहेरून काही दिसत नाही, पण बी आतून मेलेलं असतं. मजूर ट्रॉलीवरून पोती टाकायला लागले की आई घरातून धावत यायची. "आपटू नका, लेकरू आहे ते!" बियाण्याची पोती जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर. एकावर एक चारपेक्षा जास्त नाही. भिंतीला टेकवायची नाहीत. हे तिला कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणते, दोनदा फसले, तिसऱ्यांदा शिकले.

आणि मे संपता संपता तिची परीक्षा असायची. प्रत्येक पोत्यातून मूठभर बी काढून त्यातले १०० दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरं ओलं गोणपाट, मग त्याची गुंडाळी करून सुतळीनं बांधायची आणि मोरीजवळच्या सावलीत ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. पाचव्या दिवशी गुंडाळी उघडायची. आम्हा भावंडांना मोजायला बसवायची, आणि नुसता कोंब फुटलेला तिला चालायचा नाही. मूळ सरळ हवं, दोन्ही डाळिंब्या धड हव्यात. वाकडं, काळं, अर्धवट असलं की "हे बाजूला काढ." ७० किंवा त्याच्या वर आलं तर पोतं पेरणीचं. ६० आलं तर बिघ्यामागे बियाणं वाढवायचं. ५०च्या खाली गेलं तर पोतं मंडीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजूला उभे राहून विचारायचे, "काय म्हणतंय?" हे विचारणं नुसतं मन राखायला नव्हतं. निर्णय तिचाच असायचा. सर्टिफाइड बियाण्यालाही उगवण किमान ७० टक्के लागते, हे मी खूप नंतर इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या माहितीपत्रकात वाचलं. संस्था १९८७ची. आईचं गोणपाट त्याच्या आधीपासूनचं.

आमच्या घरी कालनिर्णय शिरपूरहून मामा पाठवायचे. आई त्याच्या चौकटींत पेन्सिलनं लिहायची. १९७९पासूनची जवळजवळ सगळी कॅलेंडरं तिनं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. यावेळी ती घेऊन बसले होते. "पाऊस ४ बोटं." "कुलपा दुसरा." (तिकडे कोळपं म्हणतात, आमच्याकडे कुलपा.) "मजूर ७, एक अर्धा दिवस." "गाय फळली." "सोसायटी भरली." १९९६च्या जूनमध्ये एका चौकटीत लिहिलंय, "उत्तरेचं शेत, तीनशे पस्तीस, बी कमी पडलं." जेएस ३३५ हे वाण १९९४मध्ये आलं आणि पुढे सगळ्या माळव्यानं तेच पेरलं. आमच्याकडे ते कधी आलं याचा पुरावा त्या चौकटीत आहे. दादाचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशीची चौकट अशी: "पास. फर्स्ट. मोटर जळाली." माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी: "हरभऱ्याला पाणी राहिलं."

ती चौकट वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हळदीच्या त्या रात्री घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि आई तासभर दिसत नव्हती. आमच्याकडे शेतीची वीज दिवसाला १० तास, तीही पाळीनं, आणि कितीतरी वेळा पाळी रात्रीची. त्या रात्री लाईट अकराला आली असणार. मला आठवतंय, ती परत आली तेव्हा पायांना घोट्यापर्यंत चिखल होता. ते पाय धुऊन ती माझ्या उशाशी येऊन बसली. आणि तरीही चौकटीत लिहिलंय, राहिलं.

तिनं आमच्यासाठी जिवाचं रान केलं, हे खरंच आहे. अण्णांना दम्याचा त्रास होता. कापणी-मळणीच्या दिवसांत धूळ उडायची, त्यांना खळ्यावर उभंसुद्धा राहवत नसे. तेव्हा पहाटे साडेतीनला उठून दहा माणसांच्या भाकरी, आमचे डबे, अण्णांचा काढा, आणि सातला विळा घेऊन शेतात. रात्री त्यांच्या पाठीला शेक. त्यांच्यावर तिचा जीव होता, त्यांचाही तिच्यावर होता. मानपत्रातला प्रेमाचा प्रत्येक शब्द खरा आहे. माझं म्हणणं एवढंच, की आपण बाईची माया बघतो आणि तिथंच थांबतो. तिला काय येतं ते बघतच नाही. तिनं ४० वर्षं शेती चालवली आणि आपण त्याला संसाराला लावलेला हातभार म्हटलं.

हा शब्दांचा कीस वाटेल कुणाला. मग पुढचं ऐका.

२०१३मध्ये अण्णा गेले. तेराव्यानंतर नामांतरणाचं, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावायचं निघालं. आमच्याकडे सात-बारा नसतो, खसरा आणि बी-वन असतं, आणि शेतकऱ्याच्या हातात पुस्तिका असते तिला गावात 'पावती' म्हणतात. पटवाऱ्यासमोर सगळं अर्ध्या तासात उरकलं. वारस तिघं, आई, दादा आणि मी. मी आणि आईनं सहमतीपत्रावर सह्या केल्या आणि सगळी जमीन दादाच्या नावावर झाली. कुणी जबरदस्ती केली नाही. दादा माझा देवमाणूस आहे, हे मी इथं मुद्दाम लिहितेय. मी शिकलेली, इंदुरात नोकरी करणारी, मलाही तेव्हा ते अगदी स्वाभाविक वाटलं. माझ्या सहीचं मला आजही फारसं काही वाटत नाही. पण आईनं "कुठं करू?" विचारलं आणि मी तिला बोट ठेवून जागा दाखवली, त्या बोटाबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेले नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. आईचा जन्मही १९५६चाच. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्शात विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा, हे त्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला तो २००५च्या दुरुस्तीनं, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ला वडील हयात असण्याचीही अट नाही. कायदा होता. आमच्या घरात कुणाला आठवला नाही.

त्याचा चटका दोन वर्षांनी बसला. दादा मावशीकडच्या लग्नाला गेलेला, गव्हाला युरिया हवा होता. आई सोसायटीत गेली. तासभर रांगेत उभी राहिली. खिडकीशी पोचल्यावर विचारलं, पावती कुणाच्या नावावर? मुलाच्या. मग मुलाला पाठवा. ती म्हणाली, शेती मी करते. खिडकीतला माणूस नियमानं वागत होता, उद्धट बोलला नाही. पण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माँजी, आप घर जाओ, आराम करो." ज्या बाईला २२ बिघ्यांतल्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं हे डोळे मिटून सांगता येतं, ती रिकाम्या हातानं घरी आली. हे तिनं मला तेव्हा सांगितलंच नाही. कॅलेंडरमध्ये सापडलं: "युरिया नाही. नाव नाही."

कागदावर नाव नसलं की किसान क्रेडिट कार्ड नाही. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीनधारकाच्या नावानं येतात, तेही तिचे नाहीत. पीक बुडालं तर भरपाई तिच्या खात्यात नाही. देशाच्या २०१५-१६च्या कृषिगणनेत शेती धारण करणाऱ्यांमध्ये बाया सुमारे १४ टक्के निघाल्या. आमच्या गावात निंदाईच्या दिवसांत कुठल्याही शेताच्या बांधावर उभं राहून बघा, वाकलेल्या पाठी कुणाच्या आहेत ते दिसेल. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते तसंच राहून गेलं आणि मुदत संपून बाद झालं. आणि यंदाचं २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय.

आपण इंदूरचे मराठी लोक अहिल्याबाईंचं नाव उठता-बसता घेतो. मीही घेते, श्रद्धेनं घेते. पण देशभरातले घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळं त्यांनी बांधली ती बरीचशी खासगीच्या, म्हणजे होळकर राणीच्या स्वतंत्र जहागिरीच्या उत्पन्नातून, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि ही खासगी जहागीर १७३४मध्ये मिळाली होती ती मल्हाररावांच्या नावावर नाही, त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावावर. सासूकडून ती सुनेकडे आली. आमच्याच तहसीलमधलं गौतमपुरा त्याच गौतमाबाईंच्या नावाचं. दर दिवाळीला हिंगोटाच्या युद्धासाठी (दारू भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकतात) तिथं गर्दी करणारे आम्ही, पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात बाईच्या नावावर वेगळी जमीन होती आणि तिनं त्याचं काय सोनं केलं, हे विसरून गेलो.

म्हणून माझं सगळ्यांना, आणि विशेषतः गावाकडे जमीन असलेल्या माझ्या भावांना सांगणं आहे: आईचा सत्कार जरूर करा, पण बायकोचं नाव जमिनीवर लावा. आत्ता, स्वतः धडधाकट असताना. तेराव्याची वाट बघू नका, त्या दिवसांत कुठलीही बाई समोर आलेल्या कागदावर सही करते. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत भूमिस्वामी हयात असतानाच आपल्या वारसांमध्ये शेतजमिनीची वाटणी करायला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बायको वारस आहे, आईही वारस आहे. एकदा वकिलाला विचारा, कागद बघा, पण करा.

हे सगळं त्या रविवारी मी दादासमोर बोलले. वहिनी चहा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. तिच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आता गोणपाट ती बांधते, आई फक्त ओळी बघते. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला हे कधी सुचलंच नाही गं. कुणी बोललंच नाही." मला वाटतं, अण्णांचंही तसंच झालं असावं. बुधवारी तो तहसीलला जाऊन आला. अर्जात दोन नावं आहेत, आईचं आणि वहिनीचं. उत्तरेचं शेत आईनं स्वतः मागून घेतलं.

मानपत्राचा मसुदा मी मंडळाला परत पाठवलाय. काही काढलं नाही, तीन ओळी वाढवल्या. त्यात गोणपाट आहे, जेएस ३३५ आहे, आणि 'शेतकरी' हा शब्द आहे. मंडळानं लगेच होकार कळवला.

कार्यक्रम जूनच्या तिसऱ्या रविवारी आहे. आईला तारीख सांगितली तर तिनं आधी कॅलेंडर बघितलं, मग आभाळाकडे. म्हणाली, "तोवर चार इंच पाऊस झाला असला तर त्यांना सांग, पेरणी झाली की येईन."

काल रात्री वहिनीचा फोन आला. गुंडाळी उघडली. १००पैकी ७८.