अडकायलाही धड जागा लागते!

सुट्टीत दोन अनोळखी माणसं कुठेतरी अडकतात आणि प्रेमात पडतात, ही गोष्ट ज्याने कुणी पहिल्यांदा रचली त्याला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री नाशिकच्या द्वारका चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत उभं करा. हातात फराळाची पिशवी द्या. मग बघू किती प्रेम सुचतं ते.

काय थाट असतो त्या गोष्टींचा! बाहेर बर्फ, विमान रद्द, गावात एकुलतं एक लॉज, त्यात नेमकी एकच खोली शिल्लक आणि गालातल्या गालात हसत सूप आणून देणारी प्रेमळ मालकीणबाई. आमच्याकडे लॉजवाला आधी दोघांची आधार कार्डं मागणार, आडनावं जुळत नाहीत म्हणून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळणार आणि पत्ता गावातलाच निघाला तर ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून वाटेला लावणार. सज्ञान जोडप्याचं लग्न झालेलं नसेल तर खोली देऊ नये, असा कायदा देशात नाही. पण रात्री अकराला काउंटरवर कायद्याची भाषा कोण करणार?

आणि त्या नायिकेला कधी बाथरूमला जावं लागत नाही का हो? रात्रभर अडकते, कॉफीवर कॉफी पिते, आणि काही नाही! इथे मी बसचा प्रवास म्हणून संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. पिकअप पॉइंट म्हणजे काय, तर पुलाखालचा रस्त्याचा तुकडा. बाकडं नाही, दिवा नाही, स्वच्छतागृहाचं तर नावच काढू नका. दोन ट्रकच्या मधल्या फटीत बॅगा घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक लांब गाडीच्या कपाळावरची पाटी वाचायची.

फोन केला की एकच उत्तर. “येऊ राहिली ना ताई गाडी, पाच मिनिटं.” अर्ध्या तासाने परत तेच, फक्त आवाज जास्त वैतागलेला. जणू मीच त्याला ताटकळत ठेवलंय.

मग रेल्वेने का नाही गेलीस, म्हणणाऱ्यांना साष्टांग दंडवत. नाशिक-पुणे जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, पण थेट रेल्वेमार्ग नाही. जायचंच तर कल्याणवरून नाहीतर मनमाड-दौंडवरून वळसा घाला. थेट रेल्वे वर्षानुवर्षं कागदावर सुसाट धावतेय. तिच्या मूळ आखणीच्या वाटेत नारायणगावजवळ खोडदची ती अवाढव्य रेडिओ दुर्बीण येते, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली. रेल्वेमुळे दुर्बिणीला अडथळा होईल, म्हणून मार्गाचा घोळ. दुर्बिणीवर माझा राग नाही. पण कुठल्या कुठल्या दीर्घिकांची कुजबुज इथे ऐकू येते आणि गाडी सिन्नर फाट्यावर आहे की डेपोतच, हे काही मला कळत नाही!

बरं, आता खरं दुखणं सांगते. त्या रात्री गोष्टीतल्यासारखा माणूस खरंच भेटला होता. चेक्सचा शर्ट, खांद्याला सॅक, आणि माझ्यासारखाच दर दोन मिनिटांनी मान वाकडी करून रस्ता बघणारा. मी फोनवर भांडत होते ते ऐकून म्हणाला, “मलाही पाच मिनिटंच सांगितलीयेत. साडेनऊपासून.” मी हसले. मग डबे उघडले. त्याच्या आईची चकली मऊ पडली होती आणि त्याने ते स्वतःहून कबूल केलं. स्वतःच्या आईच्या चकलीबद्दल खरं बोलणारा मुलगा, सांगा, रोज भेटतो का? नाव विचारलं नव्हतं. घाई कशाला, दोघं एकाच गाडीने जाणार, अख्खी रात्र पडलीये, असं वाटलं. आळेफाट्याला गाडी चहाला थांबेलच की!

तर गाडी आली. आणि तिच्यातून उतरलेला तो क्लीनर! हातात कागद, कानाला फोन. दोन गाड्या अर्ध्या रिकाम्या म्हणून प्रवाशांची वाटणी चाललेली. “वाकडवाले ह्यात, स्वारगेटवाले मागच्या गाडीत, चला चला, उरका लवकर.” दीड तास आम्हाला रस्त्यावर सुकवणाऱ्यांना आता अर्ध्या मिनिटाची घाई! क्लीनरने चेक्सवाल्याला दंडाला धरून बाजूला घेतलं, माझी बॅग डिकीत फेकली, आणि स्लीपरचं तिकीट असूनही मला ड्रायव्हरच्या मागची सीट दिली. शेजारी एक काका. त्यांनी चाकणपर्यंत हेडफोनशिवाय कीर्तन ऐकलं. चाकणला जाम. तिथे कीर्तन संपलं आणि शेअर बाजाराचं विश्लेषण सुरू झालं.

सकाळी मेसेज आला, आपला प्रवास कसा झाला, पाच स्टार द्या. देते की! आधी सीटच्या फरकाचे पैसे परत करा, आणि स्वारगेटच्या गाडीतला तो चेक्सचा शर्ट कुठे उतरला तेही सांगा. यावर अजून उत्तर नाही. मावशी मात्र रोज विचारतेय, “अगं, नंबर तरी घ्यायचास!” कधी घेणार होते मावशी, तो क्लीनर मध्ये उभा होता ना!