मावशी, मिरजेला जायचं कारण नाही

मंगळवारी रात्री साडेनऊला तासगावहून मावशीचा फोन आला. बेदाण्याच्या दिवसांत ती शेडवर असली की फोन उचलतही नाही, स्वतःहून करणं तर लांबच. "मिरजेत पिशवी काढायला किती खर्च येतो गं?" एवढंच विचारलं. माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, हिचंच काहीतरी निघालं. तर म्हणाली, "माझी न्हवं, ताईची. संस्थेत ठेवायचं तर काढावीच लागती म्हणं आता. कायदा आलाय."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय ३१. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, आणि वडील गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, एका निवासी संस्थेत राहते. संस्थेने असलं काही सांगितलेलं नाही, हे मी पहिल्यांदा विचारून घेतलं. कायदा आला होता तो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ताईच्या थोरल्या चुलत्यांच्या मोबाइलवरून. 'मतिमंद मुलांच्या पालकांनी जरूर वाचा' असा मथळा, पुढे चार लाल उद्गारचिन्हं आणि तळाला 'जनहितार्थ'. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कलम नाही, तारीख नाही. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मला आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला, आणि संध्याकाळी ऑफिसात एका अशिलाच्या मोबाइलवरही दिसला. म्हणजे गाव फिरून आलेला आहे.

मजकूर थोडक्यात असा. मूल संस्थेत टाकलं की त्याचं पालकत्व आपोआप संस्थेकडे जातं. मुलींची गर्भपिशवी काढून घेणं आता सक्तीचं आहे आणि त्याला आईवडिलांची सही पुरते. अशा मुलांना वडिलार्जित जमिनीत हिस्सा नसतो, तेव्हा सातबाऱ्यावरून नाव वेळेत कमी करून घ्या. त्यांना मत देता येत नाही, बँकेत खातं काढता येत नाही. आणि संस्थेत काहीही झालं तरी तक्रार चालत नाही, कारण तुम्ही हमीपत्र लिहून दिलेलं असतं.

मी वकील नाही. विजयनगरला एका वकिलांकडे टायपिंग करते. पण रोज दावे-अर्ज टाइप करून एवढं तरी कळायला लागलंय की ज्या कायद्याला ना नाव ना कलम, तो कुणाच्या तरी डोक्यातून आलेला असतो.

पिशवीचं आधी घेते. नाव कमी झालं तर पुन्हा लावता येतं, खातं आज नाही तर उद्या निघतं. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १० सरळ सांगतं की ज्यामुळे मूल होण्याची क्षमता जाईल अशी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिच्या. त्या वाक्यात 'किंवा पालकांच्या' असं कुठेही नाही. मी तीनदा वाचलं. म्हणजे सक्ती राहिली बाजूला, मावशीने दहा सह्या केल्या तरी ते चालणार नाही. पिशवीत गाठ निघाली, रक्तस्राव थांबेना, डॉक्टरांनी उपचार म्हणून काढायला सांगितली, तर ती गोष्ट वेगळी. 'संस्थेत ठेवायचंय' हा आजार नव्हे.

ही कल्पना काही या मेसेजवाल्याची नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंग मुलींना पुण्याला ससूनमध्ये नेऊन त्यांच्या पिशव्या काढल्या होत्या. कारण दिलं होतं की पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, पेपरांतून गाजलं, आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. तीस वर्षांनी तेच कारण 'जनहितार्थ' म्हणून फिरतंय.

जमत नाही म्हणे. ताईच्या खोलीत भिंतीवर कालनिर्णय आहे. संस्थेतल्या एका काळजीवाहक बाईंनी तिला शिकवलं: पाळी आली की त्या दिवसाच्या चौकोनात लाल टिकली लावायची. ताईला आकडे वाचता येत नाहीत. पण गेल्या महिन्याच्या पानावरच्या टिकल्या या महिन्याच्या पानाशी लावून बघते आणि दिवस जवळ आले की कपाटातून पॅडचं पाकीट काढून उशाशी ठेवते. हे शिकायला तिला दीड वर्ष लागलं. मध्ये दोनदा तिने टिकल्या भिंतीला लावल्या, एकदा त्या बाईंच्या कपाळाला. पण शिकली. दीड वर्ष शिकवत बसण्यापेक्षा एक ऑपरेशन सोपं वाटतं, एवढाच काय तो प्रश्न आहे, आणि तो ताईच्या पोटातला नाही.

मेसेजमध्ये आणखी एक वाक्य आहे, ते वाचून मला रात्री झोप लागली नाही: 'पिशवी काढली की पुढची भीती नाही.' कसली भीती, ते लिहिलेलं नाही, पण मावशीला कळलं आणि तुम्हालाही कळलं असेल. अहो, पिशवी काढल्याने माणसाचा हात अडतो का? काही झालं तर ते कळण्याचा एक मार्ग तेवढा बंद होतो. याची सोय नेमकी कुणाला, हा विचार पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही मनात आला नसेल?

आता जो निकाल मी प्रिंट काढून मावशीला वाचून दाखवला तो सांगते. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन, सर्वोच्च न्यायालय. एकोणीस-वीस वर्षांची अनाथ मुलगी, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली, चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणारी. संस्थेतच तिच्यावर बलात्कार झाला आणि ती गरोदर राहिली. प्रशासन उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. मुलीला मात्र मूल हवं होतं. प्रकरण दिल्लीला गेलं. २१ जुलै २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश थांबवला आणि २८ ऑगस्टला कारणं दिली. गर्भपाताच्या कायद्यात पालकाच्या संमतीवर गर्भपात करता येतो तो अज्ञान मुलीचा किंवा मानसिक आजारी स्त्रीचा. बौद्धिक अपंगत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, कायद्याच्या व्याख्येने ते मुद्दाम वगळलेलं आहे. मुलगी सज्ञान आहे, तिने संमती दिलेली नाही, म्हणून गर्भपात करता येणार नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने 'मतिमंद' आणि 'वेडसर' हे शब्द आलटून पालटून वापरलेत. गावात आपण सगळेच वापरतो, मीही वापरलेत. पण त्या एका फरकावर तीन न्यायमूर्तींनी एका मुलीचा निर्णय तिच्या हातात ठेवला.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. २०१६ च्या कायद्यात, दिव्यांगत्व तीव्र असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती घेऊन गर्भपात करता येतो, अशी सोय आहे. कुणीतरी तेवढंच अर्धवट ऐकून पुढचं रचलेलं दिसतं. पण ती सोय गर्भपातापुरती, तीही तीव्र दिव्यांगत्वापुरती. त्याबाहेर दिव्यांग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणाऱ्याला किंवा करायला लावणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद सांगितली आहे. कलम ९२. हे मात्र कुणी पुढे पाठवलेलं नाही.

जमिनीचं. इथे मला चुलत्यांचा मेसेज जरा जास्तच समजला. मावशीची आणि त्यांची द्राक्षबाग एकाच गटात आहे, सामाईक. ताईचे वडील गेल्यावर वारसनोंदीत मावशी आणि ताई अशी दोन नावं लागली. तेव्हापासून दर दिवाळीला 'तिला काय करायचीय जमीन, हक्कसोड करून टाकू' असं चाललंय. तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २८: कुठल्याही आजाराच्या, व्यंगाच्या कारणावरून कुणाचाही वारसाहक्क जात नाही. जुन्या काळी जात असे, हे खरं. आजोबांनी सांगितलेलं चुलत्यांच्या लक्षात राहिलं असेल तर आजोबांचा दोष नाही. पण १९५६ ला बरीच वर्षं झाली. मुलगी म्हणून हिस्सा नाही म्हणावं तर २००५ ची दुरुस्ती आहे. आणि २०१६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला स्थावर-जंगम मालमत्ता धारण करण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. त्याच कलमात पुढे लिहिलंय की ज्या व्यवहारात मदत करणाऱ्याचं स्वतःचं हित आणि दिव्यांग व्यक्तीचं हित यांचा संघर्ष होतो, त्या व्यवहारात त्याने मदत करायला जाऊ नये. हे वाचताना मला एकच चेहरा दिसत होता.

आणि समजा, उद्या ताईला गाडीत घालून रजिस्ट्रारकडे नेली आणि अंगठा घेतला. आपण काय सोडतोय हे जिला कळलेलं नाही, तिचा दस्त कोर्टात मोडता येतो. आमच्या ऑफिसात त्या दाव्याचं टायपिंग फुकट होईल.

पालकत्वाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि तेच लोकांना फसवतं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. खरं आहे. मावशीलाही हे माहीत नव्हतं. पण म्हणून ते पद उडून संस्थेच्या अधीक्षकांच्या टेबलावर जाऊन बसत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती आहे: जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आई किंवा नातेवाईक तिथे अर्ज करतात. समिती आधी हे बघते की पालकाची गरज आहे का, असली तर कशापुरती. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि मग दरवर्षी हिशेब. ढिलाई केली, गैरवापर केला तर काढताही येतं. शिवाय २०१६ च्या कायद्याने असा पालक 'मर्यादित' समजला जातो: ठराविक काळासाठी, ठराविक निर्णयासाठी, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. मालक नव्हे. आता हे सगळं कागदावर आहे, आणि कागद घेऊन खेटे कुणाला चुकलेत? तरी खेटे घालणं वेगळं आणि हक्क नसणं वेगळं.

मत आणि बँक, दोन ओळींत. कोर्टाने 'विकल मनाचा' असं जाहीर केल्याशिवाय कुणाचंही नाव मतदार यादीतून त्या कारणाने काढता येत नाही, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे कोर्टाचं जाहीर करणं नव्हे. ७ मे २०२४ ला लोकसभेला ताईने मत दिलं. कुणाला दिलं ते विचारलं तर "सांगायचं नसतं" म्हणाली, जे आमच्या भावकीत दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. बोटाची शाई जाईपर्यंत आठवडाभर तो हात धुवायला तयार नव्हती. बँकेचं मात्र कबूल करते: हक्क आहे, पण काउंटरवरचे साहेब पालकत्वाचं प्रमाणपत्र मागतात, वर आणखी चार कागद, आणि पाचव्या फेरीला माणूस दमतो. मेसेज चुकीचा आहे, अनुभव खोटा नाही.

तक्रार चालत नाही, हे शेवटचं. मावशीनेही प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही केलीय, सगळेच करतात. त्यात काहीही लिहिलेलं असो, मारहाण, उपासमार, छळ यांची परवानगी कुठलंही हमीपत्र देऊ शकत नाही. अत्याचाराची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांनाही देता येते, आणि ती नातेवाइकानेच द्यायला हवी असं नाही. कुणीही देऊ शकतं. वर पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. पुढच्या वेळी गेलात की देवाच्या फोटोच्या आधी ते बघा. आणि संस्थेतून परत आणता येत नाही म्हणावं तर कलम ५ आहे: दिव्यांग व्यक्तीवर अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येत नाही. घरची नाही, संस्थेचीही नाही.

हे सगळं मी काल भावकीच्या ग्रुपवर टाकलं, कलमांसकट. चुलत्यांनी नुसता अंगठा टाकला. वाचलं असेल असं नाही.

मावशीला फोनवर सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे शेडवरच्या बायकांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "म्हणजे तिला इचारायचं व्हय, पिशवीचं?" मी म्हटलं, विचारायला मुळात कारणच नाही, पण उद्या खरंच आजारपण निघालं तर हो, तिलाच. "आन् तिला कळंल?" मी म्हटलं, टिकल्यांचं कळलं ना.

रविवारी आम्ही दोघी जातोय. मावशीने किलोभर बेदाणा काढून ठेवलाय, पण ताईने मागच्याच रविवारी फोनवर टिकल्यांचं पाकीट मागितलं होतं. लालच पाहिजेत, आणि मोठ्या.