खुलासा: जॉन वुडन ‘15 वर्षं हरत’ नव्हते

सध्या फिरणारा मेसेज: ‘अमेरिकेतल्या यूसीएलए कॉलेजचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन 15 वर्षं सतत हरले, मग 10 अजिंक्यपदं जिंकली.’ यातला 10 चा आकडा बरोबर, ‘हरले’ मात्र चूक.

सीझननिहाय नोंदी पाहा. वुडन येण्याआधीच्या 1947-48 च्या सीझनमध्ये संघाचे 12 विजय, 13 पराभव. त्यांच्या पहिल्याच सीझनमध्ये 22 विजय, 7 पराभव. यूसीएलएत 27 सीझनमध्ये एकदाही पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. सर्वांत कमजोर 1959-60, तोही 14-12. एकूण 620 विजय, 147 पराभव. पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद 1964 साली, म्हणजे 16व्या सीझनमध्ये आलं, एवढंच खरं.

त्या वर्षी बदललं काय? सहायक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहाने 2-2-1 झोन प्रेस आला, म्हणजे मैदानभर दबाव टाकणारा बचाव: दोघे पुढे, दोघे मध्ये, एक मागे. चेंडू आत येताच तो घेणाऱ्याला साइडलाइनकडे रेटायचं आणि तिथे दोघांनी घेरायचं. 10 सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायच्या घाईत समोरचा घाबरून लांब पास टाकतो, तो मागचा उचलतो. उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) नसताना त्या सीझनमध्ये 30 विजय, 0 पराभव!

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.